फॉर्म कोणी भरायचा, त्याआधी कधी भरायचा
कुटुंब समुपदेशन केंद्राच्या मदतीचा किती उपयोग झाला, हे मोजायचे फॉर्म समुपदेशकांनीच भरले तर आकडे गोड येणारच, म्हणून सगळं मूल्यमापन बाहेरच्या संशोधकांकडे द्या, हा मुद्दा बऱ्याचदा मांडला जातो; मला तो अर्धाच पटतो. शेवटची मुलाखत बाहेरच्याने घ्यावी, हे खरं. पण पहिल्या नोंदीला समुपदेशकच हवा. रडत आलेल्या बाईसमोर अनोळखी माणूस चाळीस प्रश्नांचा कागद घेऊन बसला, तर ती पुन्हा केंद्राची पायरी चढणार नाही. (१९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष हा टाटा समाजविज्ञान संस्था या शिक्षण-संशोधन संस्थेचाच उपक्रम, म्हणजे तिथे अभ्यास आणि काम हातात हात घालूनच सुरू झाले.) खरी गोची वेगळी आहे. लोक मदतीला येतात ते त्रास टोकाला गेल्यावर. त्या दिवशीचा ताण मोजला की तीन महिन्यांनी तो बहुधा थोडा उतरलेला दिसतो, सेवा मिळो न मिळो. तुलनेला निदान प्रतीक्षायादीतली कुटुंबं नसतील, तर ते श्रेय फुकटचं.

दुसरं, गळती, म्हणजे नोंदलेली कुटुंबं पुढच्या फेरीला न सापडणं. नोव्हेंबरात नोंदलेल्या कुटुंबाची सहा महिन्यांची फेरी मेमध्ये येते, तेव्हा चाळीतली बरीच दारं कुलूपबंद, मंडळी कोकणात. इमारत पुनर्विकासाला गेली की पत्ताच बदलतो. म्हणून पहिल्याच भेटीत तीन संपर्क घ्यावेत, त्यातला एक माहेरचा. फोन नवऱ्याच्या हातात असेल तर कधी लावायचा आणि कोण म्हणून बोलायचं, हेही फाइलवर हवं. आणि ‘प्रकरण बंद’ या शिक्क्याखाली समेट, घटस्फोट आणि ‘येणंच थांबवलं’ एकत्र मोजू नये. रकाने संशोधकाने एकट्याने आखले की तिसरा हमखास राहतो.