नातू पळत नव्हता, त्याला ताप होता

मीनाताई, बी-४०२: नमस्कार मंडळी. सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला होते. परवाच परत आले. एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहिते. एका दुपारी लेक-जावई ऑफिसात असताना नातवाच्या पाळणाघरातून घरी फोन आला. बाई म्हणाली, 'ही इज रनिंग अ टेम्परेचर.' मला त्यातलं 'रनिंग' तेवढं कळलं. वाटलं, पोरगं पळतंय, खेळतंय, छान आहे. 'ओके, थँक यू' म्हणून फोन ठेवला. पाऊण तासाने त्यांनी लेकीला गाठलं, तोवर ताप १०२ वर गेला होता. घरात कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, पण त्या रात्री माझा डोळा लागला नाही. मार्चमध्ये पुन्हा जायचंय. त्याआधी हा 'रन' नीट शिकायचाय. देशपांडे सर, शिकवाल का?

सचिव: ताई, ग्रुप सूचनांसाठी असला तरी हे चालू द्या. फक्त टाकी धुण्याची नोटीस सगळ्यांनी वाचा, उद्या दहा ते बारा पाणी नाही.

देशपांडे सर, ए-१०३: मीनाताई, चूक तुमची नाही. 'रन म्हणजे धावणे' हे आम्हा मास्तरांनीच एका ओळीत पाठ करून घेतलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे सुधारित नोंदी येत गेल्या आणि २०११ मध्ये पहिला नंबर 'रन'ने घेतला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर हे संपादक त्या एका शब्दावर सुमारे नऊ महिने बसले होते.

मीनाताई: ६४५? मग माझं कसं व्हायचं?

देशपांडे सर: ते पाठ करायचेच नाहीत. आधी 'रन'मधले पाय डोक्यातून काढा. जर्मन ही इंग्रजीची बहीण. तिच्यात 'रेनेन' म्हणजे धावणं आणि 'रिनेन' म्हणजे पाणी वाहणं, दोन्ही एकाच कुळातले शब्द. इंग्रजीत ही दोन्ही कामं एकट्या 'रन'कडे आहेत. म्हणून नाक 'रन' होतं, नळ 'रन' होतो, धुण्यात साडीचा रंग गेला तर तोही 'रन' होतो.

कदम, सी-२०१: सर, चाकणला आमच्या लाइनवर दिवसभर हाच शब्द असतो. 'मशीन रनिंगला आहे का?' नवीन डाय, म्हणजे साचा, बसवली की ट्रायल रन. आणि सुतार किचनचा भाव 'रनिंग फुटा'ने सांगतो, तो यातलाच का?

देशपांडे सर: यातलाच. सरळ लांबीने मोजलेला फूट. ओटा जागचा हलत नाही, पण भिंतीच्या कडेने पुढे जात राहतो. नदीकाठच्या रस्त्यालाही इंग्रजीत 'रन्स अलाँग द रिव्हर' म्हणतात. तुमचं मशीन मात्र मराठीत चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, संस्था चालवतात, नाटकाचे प्रयोग चालू राहतात. या सगळ्याला इंग्रजीत 'रन' आहे. मला वाटतं, धावण्यापेक्षा आपल्या 'चालण्या'चा हात धरला तर हा शब्द लवकर ओळखीचा होतो.

स्नेहा, सी-५०४: पण 'चालेल' म्हणजे होकार, तिथे 'रन' नाही हं. आणि अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, इंग्लंडमध्ये 'स्टँड'. आपणही निवडणुकीला उभेच राहतो.

देशपांडे सर: अगदी बरोबर. हे माझ्याकडून राहिलं होतं.

मीनाताई: सगळं पटलं. पण ताप कसा 'रन' होतो?

देशपांडे सर: नेमकं इथेच अडतं. आपल्याकडे ताप येतो, चढतो, उतरतो. वाक्याचा कर्ता तापच. इंग्रजीत कर्ता ते मूल, म्हणून तुम्हाला मूल पळताना दिसलं. 'रन' ऐकलं की तिथे थांबू नका, पुढचा शब्द ऐका. पुढे 'टेम्परेचर' किंवा 'फीव्हर' आला तर ताप. 'लेट' आला तर उशीर होतोय. 'वी हॅव रन आउट ऑफ डायपर्स' म्हणजे डायपर संपलेत. 'आय विल रन इट बाय हिज मदर' म्हणजे त्याच्या आईला विचारून घेते.

डॉक्टर, ए-६०१: लहान मुलाचा प्रश्न आहे म्हणून दोन गोष्टींची भर घालते. 'ही हॅज द रन्स' म्हणजे जुलाब होताहेत. हे ऐकून गप्प राहू नका, बाळाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. आणि डॉक्टरने 'डज इट रन इन द फॅमिली?' विचारलं तर घराण्यात कुणाला हा आजार आहे का, असं विचारतोय.

वैशाली, बी-१०१: आमची सून केरळची. तिला 'लागणे' शिकवताना मलाही असाच घाम फुटला. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, फोन लागत नाही, बस लागते. सुट्टा शब्द तिला कधीच आला नाही, जोडीने पाठ केल्यावर आला.

मीनाताई: वैशाली, मीही तसंच वहीत जोडीने लिहिलंय. सर, आता शेवटचं. एवढं करूनही फोनवर नाही कळलं तर?

देशपांडे सर: संकोच न करता विचारा, 'इज ही सिक?' तीन शब्द. समोरचा माणूस 'हो' किंवा 'नाही' सांगेल.

मीनाताई: हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. त्या दिवशी एवढंच विचारायचं होतं मला.