देवराईतली झाडं उभी आहेत, म्हणजे जंगल टिकलं का?

(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

घाटमाथा
देवराया आहेत म्हणून सह्याद्रीतली दुर्मिळ झाडं सुरक्षित आहेत, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. मला ते पटत नाही. राईत शिरलं की आपण मान वर करून बघतो. सीताअशोक, सुरंगी, गारंबीचे जाडजूड वेल दिसतात आणि मन भरून येतं. जरा मान खाली घालून बघा. त्या मोठ्या झाडांची रोपं कुठे आहेत? कमरेएवढी, पुरुषभर उंचीची झाडं कुठे आहेत? बऱ्याच लहान रायांत ही मधली पिढीच नाही. भोवतालचं रान तुटल्यावरही जुनं झाड शंभर वर्षं उभं राहतं आणि तोवर आपण समाधानात असतो. जंगल आज तुटतं, झाडांच्या जाती मात्र पुढे कधीतरी नाहीशा होतात.

साधा हिशेब करा. दहा एकरांची चौकोनी राई म्हणजे साधारण २०० मीटर बाय २०० मीटर. कडेचं ऊन-वारं १०० मीटर आत शिरलं, तर मध्ये राखलेलं असं काही उरतच नाही. त्यात आपल्याकडे पाऊस संपला की सात-आठ महिने कोरडे. कड उघडी पडली की ओल जाते, रानमोडी, घाणेरीसारखी बाहेरची झुडपं घुसतात, त्यांच्यामागून वणवा येतो. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ १९७९ पासून जंगलाच्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. तिथे कडेपासून ३०० मीटरच्या आत मोठी झाडं आतल्या जंगलापेक्षा जवळपास तिप्पट वेगाने मेली. म्हणून म्हणतो, राया जपण्यावर थांबू नका. सलग जंगल चिरणारा नवा रस्ता आधी अडवा.

तिलारीकाठ
हे मांडणं मला धोक्याचं वाटतं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात बांबर्ड्याला जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. ती देवाची राई म्हणून राखली गेली, म्हणून आज आहे. आजूबाजूला रबर, काजू, अननस वाढत गेले. लहान तुकड्यात दम नाही, असं आपणच म्हणायला लागलो तर ठेकेदार तेच वाक्य उचलेल: तसंही मरणारच आहे, तोडून मोकळं करा.

आणि विज्ञानही एका सुरात बोलत नाही. कॅनडाच्या पर्यावरणशास्त्रज्ञ लेनोर फाहरिग यांनी २०१७ साली जुने अभ्यास तपासले. जंगलाचं एकूण क्षेत्र तेवढंच धरलं, तर तुकडे होण्याचे जे ठळक परिणाम सापडले त्यांतले ७६ टक्के चांगल्या बाजूचे होते. दहा डोंगरांवरच्या दहा रायांची माती वेगळी, उंची वेगळी, पाऊस वेगळा. त्या मिळून एका मोठ्या रानापेक्षा जास्त जाती सांभाळू शकतात.

सुरंगी
दादा, त्यातली अट सोडून चालणार नाही. 'एकूण क्षेत्र तेवढंच धरलं तर'. सह्याद्रीत तुकडा पडतो तोच मुळी मधलं रान गेल्यामुळे. आणि जातींची नुसती संख्या मोजली की कडेला उगवणारी झुडपंही त्यात येतात. संख्या वाढते, पण दाट सावलीत वाढणारी झाडं कमी झालेली असतात.

बांबर्ड्याचंच घ्या. जायफळाच्या कुळात नर झाड वेगळं, मादी वेगळी. कोकमाच्या बागायतदाराला हे सांगायला नको. नर झाडाला फळ धरत नाही. एखाद्या राईत अशी पाचच झाडं उरली आणि त्यांतली चार नर निघाली तर? बी मोठं असतं, ते लांब नेणारा धनेश लागतो, म्हणजे आपला माडगरुड. त्याला घरट्याला जुन्या झाडाची ढोली हवी आणि वर्षभर पिकणारं रान हवं. तेवढं दहा एकरांत मिळत नाही.

तिलारीकाठ
ताई, धनेश उडतो, हाच तर माझा मुद्दा! बांधावरचा वड, पायर, उंबर, बेहडा त्याला पुढच्या राईपर्यंत नेतो. ती झाडं मालक राखतो. वनखात्याच्या नकाशावर ती कुठेच नसतात.

आणि रोपं नसण्याचा दोष सगळा तुकड्यावर टाकू नका. मी ज्या राया पाहिल्यात तिथे खराटा फिरतो. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, स्लॅब पडतो, पेव्हर ब्लॉक येतात, 'स्वच्छता' म्हणून खालची सगळी रोपं कापली जातात. उरलेली गुरं खातात. सलग जंगलातही असंच केलंत तर तिथेही मधली पिढी दिसणार नाही.

मालकी रान
संगमेश्वर तालुक्यातून लिहितोय, घरचं थोडं जंगल आहे. तुमचं वाचलं. बांधावरचा बेहडा राखा म्हणता, पण पैसा कोण देणार? घरात आजारपण आलं, लग्न निघालं की रान लाकूडवाल्याला द्यावं लागतं. आंबा-काजू लावायला फळबाग योजनेत अनुदान आहे. उभं रान राखणाऱ्याला काय आहे? भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला फांद्या-पाला, म्हणजे राब हवा म्हणून आम्ही ऐन, किंजळ बोडकी करतो, पण ती फुटतात. एकदा जेसीबी फिरला की फुटायला खोडच राहत नाही.

घाटमाथा
भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते दिल्याशिवाय रस्ता अडवा म्हणणंही अपुरं आहे. पण खराट्याबद्दल विचारतो: खराटा थांबला तर सगळी झाडं परत येतील?

सुरंगी
ते बघता येईल. राईचा एक कोपरा कुंपण घालून पाच-सात वर्षं सोडायचा. गुरं नकोत, झाडलोट नको. अंजनी, जांभूळ, पायर सगळ्यांची रोपं आली आणि जायफळाच्या कुळातलं, धुपाचं एकही नसलं, तर अडचण बी पोचण्याची किंवा फळ धरण्याची आहे. सगळीच आली, तर तिलारीकाठदादांचं बरोबर.

तिलारीकाठ
मान्य. पण आमच्याकडे राईत कुंपणाचा खांब पुरायचा तर देवाला कौल लावावा लागतो, मानकऱ्यांना बसवावं लागतं. मी गावात विषय काढतो. आणि पाच-सात वर्षांत उत्तर येईपर्यंत 'तुकडे टिकत नाहीत' हे वाक्य कुठल्याही निवेदनात घालू नका, एवढंच मागणं.