वर्गणी मागायला आलोय! अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतले आपापले अनुभव

दर चार वर्षांनी सप्टेंबर उजाडला की इथे दोन वर्गण्या एकदम सुरू होतात, एक गणपतीची आणि एक अध्यक्षाची. पहिलीत आपण लहानपणीच तयार झालोय. दुसरीत मात्र भल्याभल्यांची दातखीळ बसते. म्हणून हा धागा. कुठला पक्ष बरोबर यावर इथे भांडू नका, त्याला घरचं जेवणाचं टेबल आहे. कुणाच्या दारात गेलात, कुणापुढे हात पसरलात आणि समोरचा काय म्हणाला तेवढं लिहा. नावं नकोत, गाव आणि साल पुरे. सुरुवात मीच करते.

एडिसन, न्यू जर्सी, २०२४

२१ जुलैला, रविवारी, बायडेन यांनी उमेदवारीतून माघार घेतली आणि पुढच्या २४ तासांत त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांच्या प्रचाराकडे ८ कोटी १० लाख डॉलर आले. त्या हवेत मीही हात वर केला: 'आमच्या घरी कार्यक्रम ठेवा.' ठेवला ऑगस्टमध्ये. चाळीसेक माणसं, बटाटेवडे, मसाला दूध. घरच्या अशा कार्यक्रमात यजमानाने खाण्यापिण्यावर आणि आमंत्रणांवर केलेला हजार डॉलरपर्यंतचा खर्च देणगी म्हणून मोजत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. आमचे वडे कायद्यात बसले.

खरी परीक्षा पुढे होती. प्रचाराकडून आलेल्या पंचविशीतल्या मुलाने स्वयंपाकघरात माझी शिकवणी घेतली. 'आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. कितीही अवघड वाटलं तरी आधी समोरच्याने बोलायचं.' ऐकायला सोपं. मी पहिल्याच काकांना म्हणाले, 'काका, अडीचशे लिहू का?' आणि एक श्वासही न घेता पुढे, 'पण जमेल तेवढंच हं, काही जबरदस्ती नाही, आणि नाही जमलं तरी वडे खाऊनच जा!' काकांनी पंचवीस दिले आणि वडे खाल्ले. तो मुलगा सिंकला टेकून डोळे मिटून उभा होता.

तिसऱ्या माणसापर्यंत मी गप्प बसायला शिकले. ते सात-आठ सेकंद फार लांब असतात हो. पण बाई स्वतःहून म्हणाल्या, 'पाचशे लिही.'

डी मॉइनजवळ, आयोवा, २००८

आमच्याकडे पैशापेक्षा माणसं जमवायची होती. आयोवातली डेमोक्रॅटिक पक्षाची कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची पक्षाची सभा, हे तेव्हा गुप्त मतदान नव्हतं. शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. कोपऱ्यात १५ टक्के माणसं भरली नाहीत तर तो कोपरा मोडायचा आणि त्यातली माणसं ओढायला बाकीचे धावायचे. आपल्याकडच्या लंगडीसारखा किंवा खो-खोसारखा काहीतरी प्रकार, फक्त अंगात जाडजूड कोट.

३ जानेवारी, गुरुवार, कडाक्याची थंडी. मी नुकतीच नागरिक झाले होते. ओबामांच्या बाजूने आमच्या भागातल्या बावीस घरांची जबाबदारी माझ्यावर. कोणाला गाडी हवी, कोणाची मुलं कोण सांभाळणार, कोणाची रात्रपाळी आहे, अशी वही केली होती. मतांचं बोलणं दोन मिनिटं आणि मुलं सांभाळण्याचं वीस. नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारी सतरा वर्षांची मुलंही येऊ शकत होती, त्यामुळे शेजारचा पोरगा आईला सोडून आमच्या कोपऱ्यात आला. आई समोरच्या कोपऱ्यातून बघत होती. दोघं एकाच गाडीतून घरी गेले, वाटेत काय बोलले देव जाणे.

राज्यात ओबामांना ३८ टक्के मिळाले. माझ्या बावीसपैकी सतरा घरं आली. ती पाच कोणती ते मला अजून पाठ आहे.

डॅलसच्या उपनगरातून, २०१६ आणि पुढे

मी तेव्हा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. देणगी द्यायला बंदी, मत तर नाहीच. बिनपगारी राबायला मात्र हरकत नाही, म्हणून फोन करायचो आणि खुर्च्या मांडायचो. एकदा भावनेच्या भरात मित्राच्या हातात पन्नासची नोट ठेवली, 'तुझ्या नावावर भर.' त्याने ती विस्तवासारखी परत टाकली. दुसऱ्याच्या नावावर देणगी देणं बेकायदेशीर आहे, रक्कम केवढीही असो. 'माझं नागरिकत्व आणि तुझा व्हिसा, दोन्ही पन्नास डॉलरात घालवतोस का?' म्हणाला. ग्रीन कार्ड हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात मी काय केलं असेल? पन्नास डॉलर भरले. मत अजून नाही, पण पावती आहे.

> एडिसन: यालाच म्हणतात वर्गणीदार सभासद, मताधिकार नाही!

मध्य न्यू जर्सी, २०१६ आणि २०२४

धाग्यावर एकाच बाजूची गर्दी होतेय, म्हणून लिहितो. मी रिपब्लिकन. १५ ऑक्टोबर २०१६ ला एडिसनमध्ये रिपब्लिकन हिंदू कोअलिशनचा मोठा कार्यक्रम झाला. बॉलिवूडचे नाच होते, ट्रम्प आले, दिवा लावला, भाषण केलं. मी चार मित्रांना तिकिटं घेऊन नेलं. चौघांपैकी दोघांनी गाडीत बसायच्या आधी विचारलं, 'फोटो कुठे टाकणार नाहीस ना?' आमच्या बाजूला खरी अडचण ही होती. पैसे द्यायला माणसं तयार होती, दिसायला नव्हती.

न्यू जर्सी आमच्या हाती लागणार नव्हतीच, म्हणून शनिवार-रविवार डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्वेनियात. तिथे २०१६ ला साधारण ४४ हजार मतांनी जिंकलो, २०२० ला ८० हजारांनी हरलो, २०२४ ला सव्वा लाखाच्या आसपास फरकाने परत जिंकलो. तीनही वेळा मी तिथल्याच गल्ल्यांत हिंडलो. काही कुत्री आता मला ओळखतात.

एक मात्र शिकलो. प्रचारपत्रक पोस्टाच्या पेटीत टाकायचं नाही. ती पेटी फक्त टपालासाठी आहे, बाकी काही टाकणं केंद्रीय कायद्याने मना. दाराच्या मुठीला अडकवायचं. पहिल्या दिवशी मी अख्खी गल्ली पेट्या उघडून भरली होती. मग तीच गल्ली उलटी फिरून सगळी पत्रकं काढली. एक आजोबा खिडकीतून हे दोन्ही बघत होते.

अटलांटाचं उत्तर उपनगर, २०२०

थोडक्यात. जॉर्जियात फरक ११,७७९ मतांचा. आमच्या सोसायटीत प्रत्येकाला वाटतं की तो त्याच्यामुळेच पडला.

बे एरिया, २०२० (मुलीच्या मदतीने टंकते आहे)

मी ७१ वर्षांची, ग्रीन कार्डवर. नातीने विचारलं, 'आजी, पोस्टकार्डं लिहिशील?' दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी मतदारांना हाताने लिहायची, 'कृपया मतदान करा.' साताऱ्यात शाळेत तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, अक्षर अजून वळणदार आहे. दुपारची झोप सोडून दोनशे लिहिली. पस्तीस सेंटचं एक तिकीट, म्हणजे सत्तर डॉलर. ते मी माझ्या पैशातून दिले, जावयाला देऊ दिले नाहीत. प्रत्येक कार्डावर पहिलं नाव वाचायचे आणि मनात म्हणायचे, अहो डॉरोथीबाई, उठा आता.

पिट्सबर्ग, २०२०

कोविडमुळे दारं बंद, सगळं फोनवर. मला मुद्दाम भारतीय आडनावांची यादी दिलेली. तासाला किती फोन झाले ते पडद्यावर दिसायचं. पंधरावा फोन एका आजोबांनी उचलला. मी इंग्रजीत सुरू झाले, ते मराठीत म्हणाले, 'आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं?' संपलं. माहेर, सासर, कोकणातला रस्ता, गुडघ्याचं ऑपरेशन. तासाभराची माझी आकडेवारी कोसळली.

पण त्यांच्याकडे टपाली मतपत्रिका येऊन पडलेली होती आणि त्यांना एक पाकीट जास्तीचं वाटत होतं. ते 'वेस्टेज' म्हणून त्यांनी बाजूला ठेवलेलं! पेनसिल्वेनियात मतपत्रिका आधी गोपनीयतेच्या पाकिटात आणि ते पाकीट सहीच्या मोठ्या पाकिटात घालावं लागतं. आतलं पाकीट नसेल तर मत बाद, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच सप्टेंबरात ठरवलं होतं. मी म्हटलं, 'काका, लग्नातल्या आहेरासारखं समजा. नोट आधी छोट्या पाकिटात, मग वरून कार्डाचं पाकीट. नुसती नोट कार्डात ठेवली तर ती धरणार नाहीत.' काकांनी पाकीट कचऱ्यातून काढलं. आवाज आला मला. ते मत कोणाला गेलं ते मी विचारलं नाही.

ट्रॉय, मिशिगन, २०१६ ते २०२४

२०१६ ला मी काहीच केलं नाही, आणि मिशिगन १०,७०४ मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेलं. तेव्हापासून गप्प बसत नाही. आमच्याकडे वेगळीच गंमत २०१८ ची. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उभे होते (पुढे २०२३ मध्ये ते खासदार झाले). आमच्यातले सगळे हौशीने चेकबुक काढून बसले, पण त्यांचा बहुतेक खर्च स्वतःच्याच खिशातून! आयुष्यात एकदाच मराठी उमेदवार मिळाला आणि तोच वर्गणी मागायला आला नाही.

शिकागो, साल सांगत नाही

एक तक्रार, पक्षाचं नाव न घेता. सासऱ्यांनी फोनवर आलेल्या मेसेजवरून पंचवीस डॉलर भरले. पान उघडलं तेव्हाच 'दर महिन्याला द्या' या चौकोनात आधीच बरोबरची खूण होती, ती त्यांच्या चष्म्यातून निसटली. सहाव्या महिन्यात कार्डाचं बिल मी पाहिलं. पैसे मागितल्यावर परत आले, पण सासऱ्यांनी मला ताकीद दिली की सासूबाईंना कळता कामा नये. आता सासूबाई हा धागा वाचतात की नाही ते बघू.

शिवाय ३० जून आणि ३० सप्टेंबर आले की मेल नुसते कोसळतात. तिमाही हिशेब दाखवायचा असतो, म्हणून 'मध्यरात्रीपर्यंत शेवटची संधी'. दिवाळीच्या सेलची भाषा. मी एका दिवसात मोजले, एकोणीस.

> एडिसन: आम्हीच पाठवतो हो त्यातले काही. हात जोडते.

मंडळाचा माजी खजिनदार, पूर्व किनारा

दोन गोष्टी सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात. महाराष्ट्र मंडळं आणि देवळं करमुक्त संस्था आहेत. मंडळाच्या व्यासपीठावरून उमेदवाराचा प्रचार नाही आणि मंडळाची मेल यादी तर अजिबात नाही. गणेशोत्सवात एक गृहस्थ आरतीनंतर माइक धरून 'दोन मिनिटं' म्हणाले. मी माइकची वायर काढली. त्यावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. नंतर त्यांनी ते भाषण पार्किंगमध्ये केलं म्हणे, आणि गर्दी आतल्यापेक्षा जास्त होती.

दुसरी गोष्ट. दोनशे डॉलरच्या वर देणगी गेली की नाव, शहर, व्यवसाय आणि मालकाचं नाव फेडरल इलेक्शन कमिशनकडे (निवडणुकीच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) जातं आणि कोणालाही शोधता येतं. ॲक्टब्लू (डेमोक्रॅट) किंवा विनरेड (रिपब्लिकन) या देणगीच्या साइटवरून भरलेले पंचवीस डॉलरसुद्धा दिसतात. म्हणजे गणपतीच्या मांडवातला वर्गणीदारांचा फळाच, पण अख्ख्या देशाचा. आमच्या मंडळातल्या एका गटाने एका रात्रीत सगळ्यांची नावं शोधून काढली. दुसऱ्या दिवशी कळलं की जो भिशीत पैसे नाहीत म्हणत होता त्याने २०२४ च्या निवडणुकीची ३,३०० डॉलरची पूर्ण मर्यादा भरलीय. तीही दोनदा, प्राथमिक फेरीसाठी वेगळी आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळी.

बेन्सालेम, पेनसिल्वेनिया, ३ नोव्हेंबर २०२४

हा शेवटचा रविवार. त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे पाचलाच अंधार. शेवटच्या चार दिवसांत मन वळवायचं नसतं, आपली माणसं मतदानाला बाहेर काढायची असतात. फोनवर घरांची यादी, प्रत्येक दारापाशी खूण करायची: भेटले, नाही भेटले, मतदान झालं.

एका दारात रांगोळी, कोपऱ्यात पणती. बेल वाजवली. माझ्याच वयाची एक बाई. तिने माझ्या छातीवरचा बिल्ला पाहिला, मग माझं नाव विचारलं आणि म्हणाली, 'आज भाऊबीज आहे, माहितीये ना? माझा भाऊ नाशिकला. आत या.' मला पाटावर बसवलं. टोपी नव्हती, म्हणून डोक्यावर रुमाल. ओवाळलं, करंजी भरवली. तिचा नवरा सोफ्यावरून ओरडला, 'मी दुसऱ्या पार्टीचा आहे, पण करंजी घ्या!'

आणि ताटात ओवाळणी टाकायला मी खिशात हात घातला, वीसची नोट बाहेर काढली, आणि थांबलो. मी प्रचाराचा बिल्ला लावून मतदाराच्या घरात बसलोय, मतदान दोन दिवसांवर, आणि मी तिला रोख पैसे देतोय. कॅप्टनने सकाळीच बजावलं होतं की मतदाराला पैसे, भेटवस्तू, काही म्हणजे काही द्यायचं नाही. नोट हातात, ताट समोर, ती वाट बघतेय. शेवटी तिला खरं ते सांगितलं. ती इतकी हसली की निरांजन विझायला आलं.

ओवाळणी उधार ठेवली. बुधवारी, ६ तारखेला, निकाल लागल्यावर संध्याकाळी परत गेलो आणि वीस डॉलर ताटात टाकले. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. तो जिंकला होता, मी हरलो होतो. म्हणाला, 'या मेव्हणे, करंज्या संपल्या, चकल्या आहेत.'

> खजिनदार: पावती घेतली का?