मदत हवी आहे: रायडिंग मोवर अर्धं लॉन कापून बंद पडतो

ओहायोकर: रायडिंग मोवर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) वीस-पंचवीस मिनिटं नीट चालतो, मग बंद. अर्धा तास थांबलं की परत सुरू, परत तेच. सगळं बदलून झालंय. मेकॅनिक पुढच्या महिन्यातली तारीख देतोय. पावसाने गवत गुडघ्याला लागलंय, शनिवारपर्यंत कापलं नाही तर टाउनशिपची, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाची, नोटीस नक्की. अनुभवी लोकांनी पटकन सांगा.

पानापक्कड: सगळं म्हणजे काय काय? इंजिन एका सिलिंडरचं की दोन? टाकी कुठे आहे? आणि मुख्य म्हणजे बंद कसा पडतो? फटकन पडत असेल तर विजेकडे बघायचं. आचके देत, दम लागल्यासारखा पडत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये.

चारुता: सीटखालचा सेफ्टी स्विच, माणूस उठला की इंजिन बंद करणारा! आमचा अगदी असाच पडायचा. स्विच बदलला, त्यानंतर तक्रार नाही. बाकी काही उघडत बसू नका.

पानापक्कड: चारुताताई, सीटचा स्विच खड्ड्यात आदळल्यावर दगा देतो. वीस मिनिटं नीट चालून मग अर्धा तास विश्रांती मागत नाही.

चारुता: आमचा मागायचा. वायर तापली की सुटायची.

ओहायोकर: आचके देतो. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोलचा फिल्टर नवे टाकलेत. दोन सिलिंडर, 22 एचपी. इंजिन पुढे, टाकी मागे सीटखाली. आता सांगा कार्ब्युरेटर नवा मागवू का? आज ऑर्डर केला तर शुक्रवारी येईल.

पानापक्कड: थांबा, पार्ट मागवू नका. आचके सुरू झाले की चोक अर्धा ओढून बघा. इंजिन सावरलं तर पेट्रोल कमी पडतंय हे पक्कं. आणि बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. ते बुजलं तर पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढता येत नाही. झाकण उघडताना सुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर दोष तिथेच.

सांगलीचा_नाना: आमच्याकडे ग्रास कटरला हाच त्रास होता. ऑईल किती घालता? आम्ही लिटरला 40 मिली घालतो. कमी पडलं तर इंजिन गरम होऊन धरतं.

पानापक्कड: नानासाहेब, तुमचा टू-स्ट्रोक. ह्यांचा फोर-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑईल घालायचंच नाही. ओहायोकर, कृपा करून घालू नका.

सांगलीचा_नाना: बरं. मग पेट्रोल किती दिवसांचं आहे? इथेनॉलचं असेल तर पाणी धरतं. इकडे आता 20 टक्के आलंय, पॉवर विडरच्या (तण काढायच्या यंत्राच्या) रबरी नळ्या किती टिकतील ह्याची मला काळजी आहे. उसाला भाव मिळतो म्हणून विरोध तरी कसा करायचा?

चारुता: हा प्रश्न बरोबर आहे. इथे पंपावर 15 टक्केवालं स्वस्त मिळतं, ते मोवरला चालत नाही. 10 टक्क्यांच्या वर घालू नका असं मॅन्युअलमध्ये असतं. हिवाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधलं पाणी इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि इंजिन तळाचंच आधी ओढतं.

हिरवळ: एवढं गवत हवंच कशाला? आम्ही मागच्या अंगणात क्लोव्हर (तीन पानांचं बुटकं रोप) पेरलाय. फार वाढत नाही, खत लागत नाही, मधमाश्या येतात. टाउनशिपला आधी विचारा, कित्येक ठिकाणी परवानगी मिळते.

ओहायोकर: हिरवळ, शनिवारी क्लोव्हर उगवणार आहे का? पेट्रोल ताजं आहे, 10 टक्क्यांचं. चोक ओढल्यावर थोडा सावरला, मग बंद. झाकण सैल करून फरक नाही. पुढे?

पानापक्कड: उत्तम, म्हणजे दोष झाकणात नाही. आता पंप. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मोवर बाहेर मोकळ्यात घ्या. गॅरेजमध्ये गॅसच्या वॉटर हीटरची ज्योत असते, तिथे पेट्रोल सांडायचं नाही. दोन्ही प्लगच्या वायरी काढून इंजिनच्या धातूला टेकवा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून बरणीत धरा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवं. नुसतं ठिबकलं तर पंपाच्या आधी फिल्टरपाशी बघा, तिथवर नीट येतंय का.

ओहायोकर: फिल्टरपर्यंत चांगलं येतंय. पंपानंतर ठिबकतंय. म्हणजे पंप गेला ना? मागवतो.

पानापक्कड: अजून एक बघा. तुमचा पंप विजेवर नाही. पंपाला तिसरी नळी आहे, ती थेट इंजिनला जाते. पिस्टन हलताना आतल्या हवेचा दाब कमी-जास्त होतो, त्या ठोक्यांवर पंपातला रबरी पडदा हलतो आणि पेट्रोल ढकलतो. ह्या नळीला चीर असेल तर नवा पंपही तसाच ठिबकेल. नळी इंजिनच्या टोकाला, क्लॅम्पच्या खाली वाकवून बघा. थंड असताना चीर मिटलेली असते, तापून रबर मऊ झालं की उघडते.

चारुता: स्विचपण बघून घ्या.

ओहायोकर: क्लॅम्पच्या खालीच चीर आहे, वाकवल्यावर नख आत जातं. पार्ट्सच्या दुकानातून नळी आणली, जुनीइतकीच लांब कापून बसवली. आत्ता पुढचं अंगण आणि बाजूचा उतार न थांबता कापून आलो. मागचं उद्या. पानापक्कड, खूप आभार. तुम्ही सांगितलं नसतं तर पंप आणि कार्ब्युरेटर दोन्ही आले असते.

पानापक्कड: छान. बाकीच्या पेट्रोलच्या नळ्याही त्याच वयाच्या आहेत, सीझन संपल्यावर बदला. बाहेरून धड दिसतात आणि आतला थर सुटून रस्ता अडवतात.

नवीन_टेक्सास: माझ्याही मोवरला हाच प्रॉब्लेम आहे, फक्त माझा सुरूच होत नाही. नळी बदलू का?

पानापक्कड: हा प्रॉब्लेम वेगळा आहे. चावी ऑन केल्यावर कार्ब्युरेटरच्या खाली टक् असा आवाज येतो का?