साऊथ पार्कचा कोल्ड वॉरवाला एपिसोड आणि आमच्या ग्रुपवरचे काका लोक, यावर कार्टून जमेल का?

भुसावळ_जंक्शन

इथे साऊथ पार्क, ते अमेरिकन कार्टून, बघणारे कोणी आहेत का? मी परवा सीझन २५ चा चौथा एपिसोड बघितला, 'बॅक टू द कोल्ड वॉर'. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, शाळेतला काउन्सेलर मिस्टर मॅकी, तोच तो दर वाक्यानंतर 'म्म्के' करणारा, रशियाशी वाजलंय म्हटल्यावर घाबरायचं सोडून एकदम फुलतो, ऐंशीच्या दशकात शिरतो, पोरांकडून अणुबॉम्बचं ड्रिल करून घेतो, आणि तिकडे शाळेतला पोरगा बटर्स बिचारा घोडा नाचवायच्या ड्रेसाज स्पर्धेत रशियन पोराच्या समोर येतो तर मॅकीला वाटतं अख्ख्या अमेरिकेची इज्जत आता त्या घोड्यावर आहे.

हसलो भरपूर, पण मधेच मला आमचा ग्रुप आठवला. २०२५ च्या मे मधे देशभर ७ तारखेला मॉक ड्रिल होतं बघा, त्या यादीत महाराष्ट्रातल्या गावांमधे भुसावळचं नाव होतं. यादी आली आणि आमच्या जुन्या रेल्वे क्वार्टरवाल्यांच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते विचारू नका. एरवी गुलाबाच्या फोटोवर सुप्रभात टाकणारे एक रिटायर्ड गार्ड काका रात्री बारापर्यंत टाईप करत होते. 'एकाहत्तरला खिडक्यांना काळे कागद लावले होते, आठवतं का.' 'सायरन झाला की कंदील विझवायचो.' मग दुसरे काका, 'तेव्हा लोकांना शिस्त होती.' मग तिसरे, 'आताच्या पोरांना एकदा युद्ध दाखवायलाच पाहिजे.' आणि त्या मेसेजला सतरा अंगठे. माझ्या माहितीप्रमाणे गार्ड काका एकाहत्तरला बालवाडीच्या वयाचे होते.

तर आम्ही मित्र मिळून अहिराणीत पाच मिनिटांचं कार्टून करायचं म्हणतोय, रेल्वे कॉलनी, काका, ब्लॅकआउट वगैरे. प्रश्न असा की यात हसायचं नक्की कोणावर? काकांवर हसलं तर लोक म्हणतील सैनिकांची टिंगल करता, आणि नाही हसलं तर मग कार्टून कशाला. त्यांनी ते कसं जमवलं?

तापीकाठचा

भाऊ चांगला विषय काढला. आधी तारखा बघ म्हणजे त्यांचं काय चाललं होतं ते कळेल. रशियाने युक्रेनवर हल्ला केला २४ फेब्रुवारी २०२२ ला आणि हा एपिसोड आला २ मार्चला. म्हणजे आठवडा पण पूर्ण झालेला नव्हता. हे लोक एपिसोड साधारण सहा दिवसात बनवतात, त्यांच्या त्या धावपळीवर २०११ ला एक डॉक्युमेंटरी पण आलीय, 'सिक्स डेज टू एअर', त्यात शो बनवणाऱ्या दोघांपैकी ट्रे पार्कर रात्रभर बसून लिहितोय, डोकं धरून बसलाय, काहीच सुचत नाहीये असं सगळं दिसतं. त्यामुळे अख्खं जग टीव्हीवर रणगाडे बघत होतं तेव्हा यांनी रणगाड्यांवर एपिसोड केलाच नाही, घोडा नाचवणाऱ्या पोरावर केला. बातमी सगळ्यांकडे असते, बातमी बघून आपल्या घरातला माणूस कसा वागतो ते यांनी पकडलं.

आणि मॅकीवर ते बाहेरून हसत नाहीयेत हे पण लक्षात घे. ट्रे पार्कर १९६९ चा, त्याचा जोडीदार मॅट स्टोन १९७१ चा. १९८३ ला, जेव्हा अमेरिकेत अणुयुद्धाची सगळ्यात जास्त भीती होती, तेव्हा ही दोघं बारा-चौदा वर्षांची पोरं होती, कोलोरॅडोत. ते ऐंशीचं दशक त्यांचंच आहे. स्वतःचीच आवड घेतली आणि एका टकल्या मास्तराच्या डोक्यात घातली. पुतीनवरचा रोख पण तसाच आहे, तो ऐंशीच्या दशकात सोव्हिएत गुप्तहेर खात्याचा, केजीबीचा माणूस म्हणून पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला होता, पुढे २००५ ला भाषणात सोव्हिएत संघ फुटला ही शतकातली मोठी आपत्ती असं म्हणाला, आणि एपिसोड म्हणतो की म्हातारपण आलेल्या माणसाला आपलं तारुण्य परत पाहिजे, बाकी नकाशा वगैरे नंतर. हे ते ज्या अश्लील जोकमधून सांगतात तो इथे लिहीत नाही, ॲडमिन उडवेल.

तुझ्या गार्ड काकांचं तेच आहे की. त्यांना युद्ध नकोय, त्यांना अंधारात आईच्या मांडीवर बसलेला तो पोरगा पाहिजे. हे तुझ्या कार्टूनमधे एका शॉटमधे दिसलं पाहिजे. मग सैनिकाची टिंगल व्हायचा प्रश्नच येत नाही, कारण तुझ्या गोष्टीत सैनिक नाहीच.

धुळ्याचा_दादर

तापीकाठ भाऊ तुम्ही फार प्रेमळ झाले. मला पटलं नाही. 'काका बिचारे लहानपण शोधताय' म्हणून सोडून द्यायचं आणि ते सतरा अंगठे? ते कोणी दिले? सतरा लोकांना त्या रात्री पोरांनी मरावं असं वाटत होतं आणि आपण मांडीवरच्या पोराच्या गोष्टी करतोय.

याच शोने २०१६ ला जे केलं ते जास्त कडक होतं. सीझन २०, पहिलाच एपिसोड १४ सप्टेंबरचा, 'मेंबर बेरीज', मेंबर म्हणजे 'रिमेंबर' मधलं. जांभळ्या द्राक्षासारखी फळं, त्यांना तोंड असतं आणि ती गोड आवाजात सारखं 'आठवतंय का' करतात. आधी स्टार वॉर्समधला च्युबाका आठवतो का, मग जुने भूत पकडणारे आठवतात का, खाणारा खुश. आणि मग त्याच आवाजात, त्याच चालीत, 'आपल्याकडे मेक्सिकन इतके नव्हते ते दिवस आठवतात का'. गुराला कडू औषध भाकरीत गुंडाळून देतात तसं. शोमधला एका पोराचा बाप रँडी मार्श खात बसलेला असतो, त्याला चावताना पहिल्यांदा कळत पण नाही, मग दचकतो.

भुसावळ भाऊ, तुझ्या ग्रुपवर हाच सिक्वेन्स झालाय, वरचे तीन मेसेज परत वाच. काळे कागद, मग शिस्त, मग पोरांना युद्ध दाखवा. तुला स्क्रिप्ट लिहायची गरजच नाही, तीन काका तीन वाक्यं, एकामागे एक, चाल बदलू नको, म्युझिक बदलू नको, तिसऱ्या वाक्याला कोणाचा चेहरा पण बदलू नको. लोकं हसता हसता थांबतील. थांबली पाहिजेत.

तापीकाठचा

मान्य, सिक्वेन्सचं एकदम बरोबर. पण २०१६ चा तोच सीझन पुढे कसा फसला ते पण सांग ना दादर भाऊ. डेन्मार्क एक यंत्रणा उभी करतो, नेटवर घाण लिहिणाऱ्यांची सगळी नावं बाहेर काढणार, त्यावरून अमेरिकेत घबराट, इकडे गॅरिसन मास्तर निवडणुकीला उभा, त्याला जिंकायचं नाहीये तरी जिंकतोय, मेंबर बेरीज एकीकडे, नेटवर घाण लिहिणारा गेराल्ड एकीकडे, दहा एपिसोडची एकच सलग गोष्ट. आणि ८ नोव्हेंबरला निकाल लागला तो यांनी धरलेला नव्हता. दुसऱ्या दिवशीचा एपिसोड हिलरी जिंकल्या असं धरून केलेला होता, रातोरात बदलावा लागला, नाव पण बदललं. त्यानंतर सीझनची गाडी रुळावर आलीच नाही असं माझं मत. शेवटच्या एपिसोडचं नावच त्यांनी सलग गोष्टीचा शेवट अशा अर्थाचं ठेवलं, म्हणजे त्यांना पण कळलं असणार.

तर नवीन पोरांनी पाच मिनिटांचंच करा. सिरीज वगैरे डोक्यातून काढा.

अमळनेरची_आक्का

मी ते इंग्रजी कार्टून बघितलेलं नाही, मुलगा बघतो, त्याने लिंक पाठवली म्हणून वाचतेय. पण मुलांनो एक गोष्ट तुमच्या लक्षात येत नाहीये. अमेरिकेच्या मास्तराला रशियाची भीती आठवते, आपल्या काकांना ती कुठून आठवेल? आमच्या घरी तर रशिया म्हणजे 'सोव्हिएत देश' मासिक. वडील शिक्षक होते, ते मागवायचे, वाचून झालं की त्याची ती जाड गुळगुळीत रंगीत पानं आमच्या वह्या-पुस्तकांच्या कव्हरला. माझ्या पाचवीच्या भूगोलावर एका बर्फातल्या ट्रॅक्टरवर बसलेल्या बाईचा फोटो होता, वर्षभर तिच्याकडे बघत मी नाईल नदी पाठ केली. रशियन गोष्टींची मराठी पुस्तकं स्वस्तात मिळायची, चित्रं काय सुंदर असायची. १९८० ला मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला, बरेच तगडे संघ आलेच नाहीत आणि आपल्याला हॉकीचं सोनं मिळालं, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले, बहिष्काराचं कोणाला पडलं नव्हतं. १९८४ ला राकेश शर्मा त्यांच्याच यानातून वर गेले. म्हणजे त्यांचं शीतयुद्ध डेस्कखाली लपायचं आणि आपलं वह्यांना कव्हर घालायचं.

मग तुम्ही त्यांची भीती उचलून आपल्या काकांना कशाला चिकटवता. आपल्या काकांकडे एकाहत्तर आहे, ते पुरे आहे. आणि एक, तुमच्या गोष्टीत काकू कुठाय? ब्लॅकआउटमधे स्वयंपाक कोण करत होतं? माझी आई सांगायची चुलीचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून दारावर गोधडी टांगली आणि धुराने सगळे खोकत बसले, त्या पहाटे वडिलांनी शिव्या दिल्या पाकिस्तानला नाही, गोधडीला. हे कोणाच्या ग्रुपवर येत नाही कारण ग्रुपवर सगळे काकाच असतात.

भुसावळ_जंक्शन

आक्का गोधडी घेऊ का मी? परवानगी द्या. पूर्ण सीनच आहे तो.

अमळनेरची_आक्का

घे रे बाबा. फक्त आईला ठसका लागलेला दाखव, रडताना दाखवू नको. ती रडणारी बाई नव्हती.

रावेर_केळीवाला

मी कार्टूनवाला नाही, पण आंतरराष्ट्रीय तणाव म्हणून काय दाखवणार आहे तुम्ही? नुसता सायरन? भो आमच्याकडे तणाव मार्केटमधे येतो. तिकडे आखातात काही खुट्ट झालं की इकडे व्यापारी सकाळीच फोन करतो, कंटेनर निघत नाही, भाव पडला. बातम्या मी रात्री बघतो पण भाव मला सकाळीच कळलेला असतो. कापसाचं पण बघा, २०२५ च्या ऑगस्टमधे अमेरिकेने आपल्यावर ५० टक्के टॅरिफ लावला, आणि त्याच महिन्यात आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी माफ झाली, कापड कारखानदाराला दिलासा म्हणे. वॉशिंग्टनला भांडण, आणि बोंडाला भाव चोपड्यात कमी.

तर तुमचा काका ग्रुपवर शत्रूला धडा शिकवा लिहितोय आणि त्याच वेळी त्याचा भाऊ गावाकडून फोन करतोय की माल कापून पडलाय गाडी भरत नाहीये, असं काहीतरी घ्या. काका म्हणेल थांब रे आधी लाहोर होऊ दे. हा आमच्या घरात झालेला डायलॉग आहे, कोणाचा ते सांगणार नाही.

धुळ्याचा_दादर

'थांब रे आधी लाहोर होऊ दे' 😂 हे टायटल ठेवा.

निंभोऱ्याचा_लेवा

सगळं ठीक पण भुसावळ रेल्वे कॉलनीतला काका अहिराणी का बोलेल? अहिराणी तिकडे धुळे, अमळनेर, चाळीसगाव, साक्री. भुसावळ, यावल, रावेर पट्ट्यात लेवा बोली. 'काय करून ऱ्हायला रे' पाहिजे तिथे तुम्ही 'काय करी ऱ्हायना' लिहाल आणि कॉमेंटमधे अर्धा तालुका अंगावर येईल. आणि रेल्वे कॉलनी म्हणजे तेलुगू पण आहे, बिहारी पण आहे, हिंदी तर आहेच, एका जिन्यात चार भाषा. ते मिक्स ठेवलं तर जास्त खरं वाटेल.

भुसावळ_जंक्शन

बरोबर आहे लेवा भाऊ. आमच्यातला लिहिणारा साक्रीचा आहे म्हणून अहिराणी धरलं होतं. मग असं करतो, गार्ड काका लेवा बोलीत, त्यांचा मित्र बदली होऊन आलेला साक्रीचा, तो अहिराणीत. 'याद शे का?', म्हणजे 'आठवतंय का', हे त्याच्याच तोंडी शोभेल.

आता टेक्निकल विचारतो. आमच्याकडे एकच लॅपटॉप आहे, तो पण गेमिंगवाला नाही. साऊथ पार्कसारखी ती कागदी हालचाल कशी करतात?

तापीकाठचा

पहिला एपिसोड, १९९७ चा, खरोखर रंगीत कागद कापून, एकेक फ्रेम हलवून फोटो काढून केलेला आहे. त्यात फार वेळ जातो म्हणून पुढे कॉम्प्युटरवर गेले, नंतर तर माया सारखं भारी सॉफ्टवेअर वापरून मुद्दाम कागदासारखं दिसेल असं करतात. तुम्हाला माया लागत नाही. ब्लेंडर फुकट आहे, ओपनटून्झ पण फुकट आहे. हात, पाय, डोकं वेगळे तुकडे, तोंडाचे सात-आठ आकार, झालं. आधी आवाज रेकॉर्ड करा, मग तोंड हलवा. उलटं केलं तर रडाल.

किंवा खरंच कागद कापा ना, मोबाईल स्टँडला लावा. ब्लॅकआउटचा सीन आहे तर काळा कागद तसाही आणावाच लागणार.

धुळ्याचा_दादर

आवाजाला प्रोफेशनल शोधू नका. ग्रुपवरच्या एखाद्या काकालाच बोलवा, स्क्रिप्ट हातात द्या. त्यांना कळणार पण नाही की त्यांच्यावरच आहे.

भुसावळ_जंक्शन

दादर भाऊ, गार्ड काकांना विचारलं. हो म्हणाले. म्हणे फक्त सायरनचा आवाज मी तोंडाने काढणार, तुमचा मोबाईलवाला सायरन खोटा वाटतो. रविवारी येतायत, सोबत अजून दोन जणांना घेऊन येतो म्हणाले.