योगायोग खराच, पण लाखात एक?

परदेशातल्या विमानतळावर शेजारच्या खुर्चीत आपल्याच विद्यापीठाचा माणूस निघाला, हा किस्सा झकास! फक्त सांगणाऱ्याने त्याला 'लाखात एक योगायोग' म्हटलं, ते काही पटलं नाही. मोठ्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थीच मुळी लाखांत असतात, आणि फिरायला सगळे जातात त्याच पाचपंचवीस ठिकाणी. कितीतरी जण शेजारून निघूनही जात असतील. कपाळावर लिहिलेलं नसतं म्हणून कळत नाही.

माझ्या छातीवर एकदा लिहिलेलं होतं. धुतलेले कपडे संपले म्हणून वसतिगृहाचा विटका टी-शर्ट चढवून संग्रहालयाच्या रांगेत उभा होतो. मागून प्रश्न आला, "कुठली बॅच?" बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी ज्येष्ठ, विभाग वेगळा, सामाईक प्राध्यापक शून्य. तरी ग्रंथालयाचा कुरकुरणारा जिना आणि निकालाच्या दिवशीची झुंबड यांवर तास कसा सरला कळलं नाही. मायदेशी आम्ही एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पुढच्या शहरातली राहायची चांगली जागाही त्यांनीच सुचवली. नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते, असं समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं. प्रवासातही तेच दिसतं.

एक मात्र आहे. "मीही तिथलाच" म्हणत कुणी लगेच उसने पैसे मागितले, तर आधी वसतिगृहाच्या खाणावळीचं टोपणनाव विचारा. खरा असेल तर आधी हसेल.