१५ ऑगस्टच्या झेंड्यात फुलं बांधणं बंद करा

टिळकवाडीकर
गेल्या १५ ऑगस्टची गोष्ट, शाळेचं नाव नको. पहाटेपासून बेळगावचा तो ठरलेला पाऊस. एनसीसीची पोरं भिजत सावधानमध्ये उभी. पाहुण्यांनी दोरी ओढली, झेंडा सुटेना. ओली दोरी फुगून सुरगाठीची निरगाठ झालेली. चौथ्या हिसक्याला झेंडा अर्धामुर्धा उघडला आणि झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा खाली पडला. पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे डाग. संध्याकाळी शिपायानं झेंडा उतरवून ओलाच कपाटात ठेवला. २६ जानेवारीला काढला तर बुरशीचे काळे ठिपके!

माझं म्हणणं असं, की १५ ऑगस्टला फुलं घालून झेंड्याची पुडी बांधूच नये. झेंडा खालून, उघडा, झपझप वर न्यावा. उतरवताना मात्र सावकाश. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश हे ध्वजसंहितेत, म्हणजे झेंड्याच्या सरकारी नियमांतही आहे. वर बांधून ठेवलेला झेंडा उलगडायचा तो २६ जानेवारीला. आणि चढवणं, उतरवणं, वाळवणं, घडी घालणं हे सगळं कॅडेटांनीच करावं. नुसती सलामी ठोकून घरी जायचं, याला काय अर्थ आहे?

खानापूरचा मास्तर
सर, २००२ च्या ध्वजसंहितेतच राष्ट्रीय सणाला झेंड्यात पाकळ्या ठेवायला मुभा आहे. तेव्हा नियमाचा बडगा नको. पाकळ्या पडल्या की पहिली-दुसरीची पोरं टाळ्या पिटतात. वर्षभरात झेंड्याची तेवढीच आठवण त्यांच्याजवळ राहते.

दुसरं, माझे निम्मे कॅडेट जांबोटी-कणकुंबीकडून येतात. सूर्यास्तापर्यंत थांबवले तर शेवटची बस चुकते. शिपाई मामा शाळेलगत राहतात. त्यांनी झेंडा उतरवला म्हणून झेंड्याचा मान कमी होतो काय?

टिळकवाडीकर
मामांच्या हाताबद्दल बोललोच नाही मी. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि पोरांना शिकवलंय ते परेडपुरतं. डाग पडला की मग बोलणी मामांनीच खायची. हे बरोबर आहे?

शहापूरची लेक
मी एनसीसीत सार्जंट होते. आमच्या पलटणीतले उस्ताद, म्हणजे शिकवणारे फौजी, फार कडक. झेंडा उतरवताना चौघी खाली हात पसरून उभ्या, जमिनीला कोपरा टेकता कामा नये. मग आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. नंतर दोन्ही बाजूंनी घडी अशी, की वर चक्र दिसलं पाहिजे आणि कडेला केशरी-हिरव्याची किनार. तळहातांवर घेऊन आत न्यायचा.

पण ही घडी कोरड्या झेंड्याची. इथं ऑगस्टमध्ये चड्ड्या-बनियन वाळत नाहीत, खादी कुठली वाळतेय! आम्ही वर्गात दोन बाकांवर पसरून रात्रभर पंखा लावायचो. सकाळी एकीनं लवकर यायचं, हात लावून बघायचं, मगच घडी. हे काम कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून कुणी शिकवतही नाही.

फुलांचं म्हणाल तर मी मास्तरांच्या बाजूची. सुरगाठ बांधता येत नसेल तर दोष फुलांचा नव्हे. आदल्या दिवशी दोरी भिजवून दोनदा ओढून बघा की.

निपाणीचा भाऊ
एवढा खटाटोप कशाला? डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरचा झेंडा चालतो. भिजला तरी झटकला की झालं. खादी भिजून खांबाला चिकटते, फडकतच नाही.

शहापूरची लेक
काय मर्दा! धारवाडजवळ गरगला ते कापड विणतात, हुबळीच्या बेंगेरीत झेंडे शिवतात. सगळ्या देशाला झेंडे पुरवणारं केंद्र आपल्या शेजारी, आणि आपण पॉलिएस्टर घ्यायचं?

निपाणीचा भाऊ
अभिमान कपाटात ठेवून बुरशी लागण्यापेक्षा पॉलिएस्टर फडकलेलं बरं. शाळेच्या पावतीवर अभिमानाचा रकाना नसतोय, ताई.

वडगावचा पोरगा
विषयाला सोडून बोलतो. आमच्या तुकडीत निम्मे मराठी, निम्मे कन्नड. आज्ञा हिंदीत. त्या दहा मिनिटांत सीमावाद कुणालाच आठवत नाही, सगळ्यांचं लक्ष गाठ सुटते का तिकडंच.

खानापूरचा मास्तर
उतरवण्यावर तोड सुचते. ध्वजसंहितेच्या २०२२ च्या दुरुस्तीनं उघड्यावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. मग दुसऱ्या दिवशी शाळा भरताना कॅडेटच उतरवतील. बसचाही प्रश्न मिटला, मामांचाही.

टिळकवाडीकर
रात्रभर त्या पावसात? 'ठेवता येतो' म्हणजे ठेवलाच पाहिजे असं नव्हे. सकाळी चिंधी हातात येईल. आणि फाटका झेंडा पुन्हा लावता येत नाही, एकांतात, मानानं, अख्खा नष्ट करावा लागतो, शक्यतो जाळून. ते काम कुठल्या कॅडेटला सांगणार?

बसचं मात्र खरं आहे, ते माझ्या डोक्यात नव्हतं. शाळेलगत राहणारे दोन-तीन कॅडेट असतीलच ना? त्यांची पाळी लावा, मामांना सोबत घ्या. घडी दोघांनाही येऊ दे.

खानापूरचा मास्तर
दोघं आहेत, एक नववीतली मुलगी. विचारून बघतो. फुलं मात्र मी बांधणारच. यंदा झेंडूऐवजी पांढरी शेवंती, डाग तरी दिसणार नाही.

टिळकवाडीकर
आणि दोरी?

खानापूरचा मास्तर
१४ ला भिजवून बघतो, ताईंनी सांगितलंय तसं.